मामांच्या वाकड्या वाटा

आमच्या हिच्या मामांइतका सरळ माणूस उभ्या रोह्यात सापडायचा नाही, आणि त्यांनी काढल्या तितक्या वाकड्या वाटा अख्ख्या रायगड जिल्ह्यात कोणी काढल्या नसतील. वरसे गावापलीकडे डोंगराच्या पायथ्याशी देवीचं रान आहे. त्यातलं वाळकं पानसुद्धा घरी न्यायचं नाही, ही जुनी रीत. कंपनीतून निवृत्त झाल्यावर मामांनी या रानात लोकांना फिरायला तीन छोट्या वाटा काढल्या, त्याही एक फांदी न तोडता. झाड आडवं आलं की वाट वळायची, गारंबीची वेल आली की माणसानं वाकायचं, आणि वारूळ लागलं की मामा मागे फिरून नव्यानं सुरुवात करायचे. पाच मिनिटांचं अंतर त्यामुळे अर्ध्या तासावर गेलं. नावंही त्यांनीच ठेवली. आधण ठेवून निघालं तर परत येईतो उकळणारी ती चहाची वाट, त्याहून मोठी ती भाताची, आणि सगळ्यात लांबची ती पाळीची, कारण कंपनीच्या तीन पाळ्यांत जन्म घालवलेल्या माणसाला लांबलचक म्हटलं की दुसरं काही सुचत नाही.

खरी परीक्षा असायची ती वाटेच्या तोंडाशी. तिथे चपला काढायच्या आणि मामा गाऱ्हाणं घालायचे. ते देवीला मोठ्यानं विनवायचे आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय' म्हणायचं. फिरायला आलेल्या प्रत्येकाचं नाव ते घेत, मागोमाग त्याची अडचणही. माझी साखर, शेजारच्या काकूंच्या मुलीचं न जमणारं लग्न, बँकेतल्या गृहस्थांचं बायकोशी बिनसलेलं, सगळं देवीला खणखणीत आवाजात कळायचं आणि ओघानं गावालाही. एकदा मी वैतागून म्हटलं की माझी साखर तेवढी मनातल्या मनात सांगा.

"देवी म्हातारी हाय, जावईबापू," मामा म्हणाले. "तिला हळू ऐकू येत नाय."

मग कुठल्याशा योजनेतून या वाटा सरळ करून पेव्हर ब्लॉक बसवायचं ठरलं. सात झाडांवर लाल खुणा पडल्या. मामांचं जेवणावरून मनच उडालं. त्यांनी अर्ज केले, खेटे घातले, कोणी दाद देईना. शेवटी एके सकाळी योजनेचे साहेब पाहणीला आले, सोबत ठेकेदार आणि त्याची कोयतेवाली माणसं. आता मामा भांडणार, असं आम्ही धरून चाललो होतो. मामांनी फक्त सगळ्यांना चपला-बूट काढायला लावले आणि हात जोडले. साहेब मूळचे आमच्याच जिल्ह्यातल्या गडब गावचे, लहानपणापासून गाऱ्हाणी ऐकलेले. त्यांचेही हात आपसूक जोडले गेले.

"गो आये, ही सात झाडं तुझी हायत."

"व्हय," सगळे म्हणाले.

"हा साहेब ती तोडायला आलाय. माणूस चांगला हाय. बूट काढताना गुडघा धरलान त्यानं, तो बरा कर."

"व्हय."

"त्याच्या हातून यातलं एकबी झाड पडायचं नाय."

"व्हय." यात सगळ्यात मोठा आवाज साहेबांचा होता.

देवीपुढे दिलेला होकार मागे घेता येत नाही, हे साहेबांना आमच्याइतकंच ठाऊक होतं. कोयतेवाल्यांनी कोयते खाली ठेवले. साहेबांनी डोकं खाजवलं, जीपच्या बॉनेटवर नकाशा पसरला आणि मामा सांगतील तशा वाकड्या रेघा मारायला घेतल्या. ब्लॉकचं नावही कोणी काढलं नाही. मामांनी सातही खुणा शेणानं सारवल्या. त्या दिवशी आम्ही पाळीची वाट लागोपाठ दोनदा चाललो आणि नाक्यावरची सगळी भजी संपवली. इतका आनंद मला स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता. साहेब अजून रविवारी गुडघ्यासाठी चहाची वाट चालायला येतात.

दिवाळीपासून मामांना धाप लागते. ते वाटेच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसतात आणि गाऱ्हाणं माझ्याकडे आलंय. पहिल्याच दिवशी नावं घेता घेता माझ्या ध्यानात आलं, एवढ्या वर्षांत मामांनी स्वतःचं नाव कधी घेतलंच नव्हतं. मी जमेल तितक्या मोठ्यानं म्हटलं, "गो आये, आमच्या मामांना पुन्हा पाळीची वाट चालू दे."

सगळे 'व्हय' म्हणाले. मामा तेवढे खुर्चीतूनच म्हणाले, "एवढ्या मोठ्यानं कशाला, जावईबापू? तिला ऐकू येतं."