ब्रेकला पाय न लावता

हे मी बायकोलासुद्धा बोललेलो नाही. तिचं सोडा — देवळात हात जोडून उभा राहतो ना, तिथंही हा विषय मनात आला की मी घाईघाईनं दुसरंच काहीतरी मागायला लागतो. आज तुमच्यापाशी बोलतो. मध्येच अडलो तर अडू द्या. मला हे एका दमात सांगता येत नाही.

आधी गाडीचं सांगतो. ते सोपं आहे.

माजलगावात माझं चष्म्याचं दुकान आहे आणि दारात एक छोटी पांढरी गाडी. खरं सांगायचं तर गावात मला चष्म्यापेक्षा गाडीच्या ॲव्हरेजसाठी जास्त ओळखतात. कुणी नवी गाडी घेतली की पेढे घेऊन दुकानात हजर — ‘बापू, तुमची किती देते?’ मी आकडा सांगितला की समोरचा म्हणणार, ‘फेकू नका राव!’ मग मी त्याला शेजारी बसवून चक्कर मारून आणणार. अहो, विद्या आहे ती! चाकात हवा बरोबर पाहिजे. डिकीत फालतू ओझं नको. पायाखाली पापड ठेवलाय आणि तो मोडू द्यायचा नाही, इतक्या हलक्या हातानं — म्हणजे पायानं — ॲक्सिलेटर दाबायचा. वरचा गिअर लवकर टाकायचा, पण इंजिनाला धाप लागू द्यायची नाही. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे ब्रेक. ब्रेक लावला की जाळलेलं पेट्रोल पाण्यात गेलं. म्हणून लांबवर बघायचं. पुढं उसाचा ट्रॅक्टर दिसला, गतिरोधक दिसला की दुरूनच पाय काढून घ्यायचा आणि गाडी गिअरमध्येच आपल्या आपण हळू होऊ द्यायची. उतारावर न्यूट्रल करतात ते येडे.

हे सगळं जमलं की काय होतं, ते मात्र मी कुणाला सांगत नाही. हसतील. काटा पन्नाशीच्या जवळ स्थिर, टॉपचा गिअर, काचा बंद. इंजिनाचा आवाज इतका खाली जातो की तो आहे की नाही कळत नाही. दोन्ही बाजूंनी ऊस, त्याला थंडीतले पांढरे तुरे आलेले, मध्येच वेचणीला आलेला कापूस. सगळं पांढरं, सगळं हलतंय, आणि आपण त्यातून अलगद चाललोय. अंग नाही, वजन नाही. मग असं वाटतं की हे कुठं पोचूच नये. समोर स्क्रीनवरचा ॲव्हरेजचा आकडा हळूच वर सरकतो आणि लहान पोरासारखा आनंद होतो. होतो हो. खोटं कशाला बोलू?

आता आईचं.

आई माझ्याकडेच होती. शेवटची दोन-तीन वर्षं ती सगळं विसरत गेली. मला ती डॉक्टर समजायची, कधी पोस्टमन. माझी थोरली बहीण कमल — मी तिला अक्का म्हणतो — तेलगावच्या अलीकडे-पलीकडे एका फाट्यावरून आत, तिथल्या वस्तीवर दिलेली. ती यायची, आईची वेणी घालायची आणि परकी होऊन परत जायची. दर वेळी जाताना म्हणायची, ‘एकडाव नावानं हाक मारली तिनं, तर बास झालं बघ मला.’

त्या दिवशी मी दुकानाच्या कामानं बीडला गेलतो. परत निघालो तोच बायकोचा फोन. ‘अहो, लवकर या. आई आज बोलायल्यात. सगळ्यांची नावं घ्यायल्यात! अक्का कावून आल्या न्हाईत म्हणून सारखं विचारायल्यात.’ तिनं दाजींनाही फोन केला होता. दाजींच्या शेतात नेमकी उसाची तोड चालू होती, म्हणून ते अक्काला जीपसाठी फाट्यावर सोडून परत फिरणार, हेही बायकोनंच सांगितलं. अक्काकडे स्वतःचा फोन नव्हता.

हे मला माहीत होतं. हे नीट लक्षात ठेवा — सगळं माहीत होतं.

वडवणी सुटली आणि रस्ता मोकळा मिळाला. तेलगावात कधी नव्हे ते कुणी आडवं आलं नाही. आई बोलायलीय, ऊन मऊ आहे, गाडी तरंगतेय — मला वाटलं, आज सगळंच आपल्या बाजूनं आहे. आणि स्क्रीनवर तो आकडा आला, जो मी आजवर कधीच पाहिला नव्हता. किती, ते सांगणार नाही. सांगताना आजही अभिमान वाटेल, याची भीती वाटते मला.

फाटा आला. तिथं अक्का उभी होती. डोक्यावर पदर, हातात पिशवी. मी लांबवर बघणारा माणूस — मला ती किती आधी दिसली असेल? तिनं गाडी ओळखली, हात वर केला, दोन पावलं रस्त्यावर पुढं आली. हसत होती.

थांबायचं म्हणजे ब्रेक. मग पुन्हा पहिला गिअर, दुसरा, सगळं पहिल्यापासून. आकडा खाली. मनात आलं, येईल की पुढच्या जीपनं — एवढंच. दुसरं काही नव्हतं. भांडण नव्हतं, वाटणीचा वाद नव्हता. घाई होती म्हणावं, तर मी पन्नासनं चाललो होतो! कितीदा वाटतं, काहीतरी मोठं कारण असायला पाहिजे होतं. मी नजर समोर ठेवली, पाय जिथं होता तिथंच ठेवला आणि तिच्या समोरून गाडी तशीच पुढं नेली.

पण कबूल करायचं ते हे नाहीच. की आहे? थांबा, सांगतो.

घरी पोचलो तर आई उशीला टेकून बसलेली. मला बघून म्हणाली, ‘बापू, किती वाळलास रे.’ मी तिचा हात धरून बसलो. तिनं माझ्या शाळेचं विचारलं, विहिरीचं विचारलं. आणि दर थोड्या वेळानं — ‘कमल कुठंय?’ मी म्हणायचो, ‘वाटंवर हाय, आई. येतीय.’ खोटं नव्हतंच ते.

अक्का येईना. जीप तेलगावातच भरून येतात, फाट्यावर कुणी घेत नाही. बायको म्हणाली, ‘गाडी हाय की दारात. जाऊन घेऊन या त्यास्नी.’

अर्ध्या तासाचंसुद्धा काम नव्हतं. पण गेलो असतो तर ती गाडीत बसता बसता म्हणाली असती — ‘मघाशी तूच गेलास ना रे?’ मग काय सांगितलं असतं? ॲव्हरेज? मी बायकोला म्हणालो, ‘निघाली असंल ती. चुकामूक व्हायची.’ आणि आईजवळ बसून राहिलो. हे ते. रस्त्यावर पाय उचलला नाही ते एक वेळ भुरळ पडली म्हणा. इथं मी पुरता जागा होतो.

आईनं दोन घास खाल्ले आणि ती झोपली. उठली तेव्हा दारात अक्का उभी होती, उन्हानं लाल झालेली. आईनं तिच्याकडे बराच वेळ बघितलं आणि पदर सावरून म्हणाली, ‘या बाई. बसा. कुणाकडं आलात?’

अक्का बसली. आई त्यानंतर महिनाभर होती, पण तिनं कुणालाच ओळखलं नाही.

चहा पिताना अक्का मला म्हणाली, ‘तुझ्यासारखीच गाडी गेली बघ एक. मी येड्यावानी हात केला तिला.’ आणि हसली. मी म्हणालो, ‘पांढऱ्या गाड्या लई झाल्यात आता.’ चष्मे विकणारा माणूस मी. तिच्याकडे बघवेना.

संध्याकाळी मीच तिला सोडायला गेलो. ती पिशवी मांडीवर घेऊन शेजारी बसली होती. फाट्यावर मी ब्रेक लावला. उतरता उतरता तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, ‘तुला तरी भेटली ती, बापू. बरं झालं. माझं काय, माझ्या वाटचं तूच ऐकलंस की.’

मी ‘हो’ म्हणालो.