छटाकचं वजन

रद्दीवाल्याच्या काट्यावर त्याच्या मांजरीचा कायमचा मुक्काम असे. गिऱ्हाईक गठ्ठा घेऊन आलं की तो तिला दोन्ही हातांनी उचलायचा, रद्दी पारड्यात ठेवायचा, आणि रद्दी उतरली रे उतरली की बाईसाहेब पुन्हा तिथेच. "आज मांजरीसकट मोजा की!" असं लोक चिडवत.

तिचं नाव छटाक. दुकानात आली तेव्हा होतीच तेवढी. लोखंडी पारडं गार लागतं म्हणून त्याने तिच्यासाठी गोणपाटाचा तुकडा अंथरला, आणि त्यामुळे मापात फरक नको म्हणून समोरच्या पारड्याखाली तेवढ्याच वजनाचा पासंग बांधला. इतका काटेकोर माणूस रद्दीच्या धंद्यात कसा, देव जाणे. दर रविवारी तो तिचंही वजन करी. पावणेतीन किलो. वर्षभरात काटा हलला नव्हता.

मग पिल्लं होऊ नयेत म्हणून साधं ऑपरेशन करायला नेली, आणि ती भुलीतून उठलीच नाही.

"हृदय कमजोर असणार, काका. घरी कधी धाप लागलेली दिसली नाही का?" डॉक्टर म्हणाला.

ते वाक्य त्याच्या उरात रुतून बसलं. लागली असेल धाप, आपलंच लक्ष नसेल. सगळा दोष त्याने स्वतःच्या माथी मारून घेतला. बायकोला ते बघवेना. तिने स्वतः पशुवैद्यक परिषदेकडे डॉक्टरविरुद्ध तक्रार लिहिली आणि सहीसाठी त्याच्यापुढे धरली.

"याने मांजर परत येणार आहे का?"

"मांजर नाही. निदान तुम्ही तरी या."

चौकशीच्या खोलीत तो खाली मान घालून बसला होता. डॉक्टरचे कागद चोख होते. समितीच्या अध्यक्षबाई भुलीचा कागद वाचू लागल्या. "वजन चार किलो. त्या मानाने औषध बरोबर..."

"पावणेतीन," रद्दीवाला म्हणाला.

"तुम्हाला काय माहीत?"

"बाई, आयुष्यभर मी दुसरं केलंय काय?"

बाई डॉक्टरकडे वळल्या. "तुम्ही वजन केलं होतं?"

पोरसवदा डॉक्टरचा चेहरा उतरला. "आमचा काटा बिघडला होता. अंदाजाने लिहिलं." म्हणजे भूल जवळजवळ दीडपट दिली गेली होती. तो रद्दीवाल्याला म्हणाला, "हृदयाचं मी उगाच बोललो, काका. चूक माझी आहे."

आता हा हात उगारतो की काय, असं बायकोला वाटलं. पण त्याला आधी रडूच फुटलं. छटाककडे बघण्यात आपण कमी पडलो नव्हतो, एवढंच त्याला हवं होतं. राग मागाहून आला आणि चांगले चार महिने टिकला.

डॉक्टरला सहा महिने काम बंद ठेवावं लागलं. दवाखाना पुन्हा उघडला त्या सकाळी रद्दीवाला आपला जुना काटा घेऊन दारात हजर. दुकानात त्याने नवा आणला होता. टेबलावर काटा मांडून त्याने पारडी एका पातळीत आहेत ना ते पाहिलं.

"यापुढे अंदाज नको, डॉक्टर."

काटा पुसून घ्यावा म्हणून डॉक्टर पारड्यातला केसाळ गोणपाट उचलू लागला.

"राहू द्या. गार लागतं त्यांना," रद्दीवाला म्हणाला. "त्याचं वजन मी कधीच वजा केलंय."