शांतामावशीची फुंकर

अंगणवाडीत काम करणाऱ्या बाईला किस्से शोधायला जावं लागत नाही. सकाळी कुलूप काढलं की ते पोरांच्या आधी आत येऊन बसलेले असतात! माहेरी दौंडला गेले की बहिणी चहा टाकतात आणि म्हणतात, "हं, सांग आता तुझ्या शिक्रापूरच्या गमती." मी सांगते, त्या पोट धरधरून हसतात. या सगळ्यातला शेवटचा किस्सा मात्र मी त्यांना अजून सांगितलेला नाही.

आमची अंगणवाडी हायवेच्या मागे, कंपनीतल्या कामगारांनी भाड्याने घेतलेल्या खोल्यांच्या रांगेत आहे. मी सेविका आणि शांतामावशी मदतनीस. पोरांची खिचडी शिजवणं हे मावशीचं काम, पण पोरांच्या आयांना दटावणं ही तिची खरी आवड.

*

एकदा सुपरवायझर मॅडम भेटीला यायच्या होत्या. त्याआधी मी पोरांकडून हात धुण्याचा धडा चांगला घोटून घेतला होता. मॅडमनी कौतुकानं विचारलं, "बाळांनो, हात कधी धुवायचे?"

सगळी पोरं एका सुरात ओरडली, "मॅडम येनार असल्या की!"

मॅडमना हसू आलं म्हणून निभावलं. मावशी मात्र खिचडीचं पातेलं घेऊन, चोरी पकडल्यासारखी दाराआड लपली होती.

*

लहान बाळांसाठी घरी न्यायचा आहार मिळतो, तयार पिठाची पाकिटं. हल्ली ती देताना आईचा चेहरा मोबाईलला दाखवावा लागतो. नुसता दाखवून भागत नाही, डोळेही मिचकावावे लागतात. तेव्हा कुठे त्या मोबाईलला पटतं की समोर जिवंत बाई उभी आहे!

सविता पहिल्यांदा आली ती कडेवर ओमला घेऊन. ओम नुकताच बसायला लागला होता. ती दौंड तालुक्यातली, म्हणजे माझ्या माहेरच्या बाजूची. मी मोबाईल समोर धरला तर ही डोळे वटारून उभी!

"अगं, मिचकाव की."

"अवो ताई, चारचौघात डोळं कसं मिचकवू? लोक काय म्हनतील?"

मागची रांग वैतागली. शेवटी शांतामावशी पुढं झाली आणि तिनं सविताच्या तोंडावर फूऽऽ करून फुंकर मारली. डोळे मिटले, उघडले, मोबाईलवर हिरवी खूण आली!

तेव्हापासून प्रथाच पडली. सविताचा नंबर आला की मावशी गॅस बारीक करून यायची आणि फुंकर मारून परत जायची. ओम खिदळायचा. त्याला वाटायचं, हा खेळ आपल्यासाठीच चाललाय.

*

पण खाल्लेलं ओमच्या अंगी लागेना. म्हणून एक दिवस मी त्यांच्या खोलीवर गेले. सविताचा नवरा गणेश रात्रपाळी करून नुकताच आला होता आणि पाकिटातल्या पिठाचा शिरा खात बसला होता.

"गणेशभाऊ, हे बाळाचं आहे."

"मी कुठं खातोय ताई? गोड झालाय का ते बगतोय."

ताटली स्वच्छ होईपर्यंत तो बघतच होता! मला हसू आलं, पण तेवढ्यापुरतंच. गोडाऊनमध्ये रात्रभर खोकी उचलून आलेला माणूस तो, आणि घरात दुसरं काही शिजलेलं नव्हतं.

*

मग वजनाचा दिवस आला. भर उन्हाळ्यात सविता ओमला स्वेटर घालून घेऊन आली. काट्यावर ठेवला तर वजन झकास! मी खूश झाले. मावशीला मात्र संशय आला. तिनं स्वेटर वर केला तसा आतून खलबत्त्यातला बत्ता ठण्णकन फरशीवर पडला.

"बया! पोराचं वजन करतीस का मसाला कुटतीस?"

सगळ्या बायका हसल्या. सविताही हसली आणि हसता हसता रडायला लागली.

वजन फारच कमी भरलं तर बाळाला शिरूरच्या दवाखान्यात ठेवतात आणि आईला सोबत राहावं लागतं. सविता कंपनीत पॅकिंगला होती, कॉन्ट्रॅक्टवर. ओमला शेजारणीकडे ठेवून जायची. "मी ततं बसले तर हितं माझ्या जागी दुसरी बाई उभी करत्यात, ताई. मंग खोली कशी ऱ्हाईल? गावाकडं काय हाय आमचं?"

बत्ता बाजूला ठेवून आम्ही पुन्हा वजन केलं. आकडा बघून मावशीनं ओमला उचलून पदराखाली घेतलं.

*

मी तिला समजावलं, रागावले, हातही जोडले. शेवटी गणेशच म्हणाला, "जाऊ दे काम. आधी पोरगं." सविता तयार झाली. चालू आठवड्याची पाळी संपवून सोमवारी निघायचं ठरलं. दवाखान्यात न्यायला म्हणून मावशीनं आपल्या घरच्या दोन चादरी धुऊन आणल्या.

शनिवारी ओमला जुलाब लागले. त्याच रात्री त्याला शिरूरला नेलं. रविवारी तो गेला.

यात हसण्यासारखं काही नाही. मला रडू आलं, पण त्याहून जास्त राग आला, आणि तो कुणावर काढायचा ते मला अजून कळलेलं नाही. त्या चादरी कितीतरी दिवस अंगणवाडीच्या कपाटात तशाच होत्या.

*

पुढच्या वाटपाच्या दिवशी सविता रांगेत येऊन उभी राहिली. कडेवर कुणी नव्हतं, तरी सवयीनं एका बाजूला झुकलेली. बायकांनी बाजूला होऊन तिला पुढं जाऊ दिलं.

मोबाईलमध्ये तिचं नाव अजून होतं. मी तो तिच्यासमोर धरला. मावशी गॅस बारीक करून, पदराला हात पुसत आली. तिनं गाल फुगवले, पण तोंडातून फुंकर निघेना.

सविता मोबाईलकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले आणि मिटले. हिरवी खूण आली.

"ऱ्हाऊ द्या मावशी," ती म्हणाली, "आज फुंकर न्हाई लागली."