पहिल्या मोहाची ओंजळ

देवरीच्या बसमध्ये कुणाच्या तरी टोपलीतून ताज्या मोहफुलांचा जडगोड वास आला आणि मी थेट माहेरच्या अंगणात जाऊन पोचले.

तेव्हा माझा धाकटा भाऊ तापाने जाऊन महिनाही झाला नव्हता. नवा मोह देवाला वाहिल्याशिवाय आमच्याकडे कुणी तोंडात घालत नाही. आईने नुकतीच वेचलेली फुलं ओंजळीत घेतली आणि ती देवाकडे निघाली. मी तिच्या वाटेत आडवी आले.

"काऊन देतेस त्याले? आपल्या पोराले तं नाही वाचवलं त्यानं!"

आईच्या ओंजळीतून फुलं मातीत पडत होती. "त्यानं काऊन नेलं, मले नाही समजत बाई. त्याले समजत असन. त्याच्याशी बोलणंच सोडलं, तं मंग इचारू कोणाले?"

तेव्हा मला ती हरलेली वाटली होती.

आज माझी लेक माझ्या खांद्यावर डोकं टेकून निजली आहे. आता उपाय उरला नाही म्हणून डॉक्टरांनी तिला घरी न्यायला सांगितलंय. आईएवढा विश्वास माझ्यात नाही, पण विचारायला दुसरं कुणी उरलेलंही नाही.

मी टोपलीवाल्या बाईपुढे ओंजळ पसरली. "देवाले वाहाले थोडी फुलं देता का, बाई?"