पिठीसाखर आणि बदामाची दश्शी

माझ्या तळहातांना घाम येतो. एवढंच काय ते माझ्या आयुष्यातलं दुःख. बाकीची सगळी साडूंनी दिली.

घाम म्हणजे साधासुधा नाही. ऑफिसातलं हजेरीचं मशीन माझा अंगठाच घेत नाही. (आधी शिपाई माझा अंगठा रुमालानं पुसतो, मग मी हजर होतो.) लग्नात बायकोचा हात हातात घेतला, तेव्हा खाली मान घालून तिनं मला पहिलं वाक्य ऐकवलं, "आत्ताच धुतले का वो हात?" पत्त्यांचं तर विचारूच नका. एक पान टाकायला जावं तर दुसरं त्याच्या पाठीला चिकटून खाली येतं, आणि समोरचे दोन्ही बघून घेतात!

आता पत्ते न खेळता माणूस जगू शकतो. पण माझं सासर तलवाड्याचं, आणि सासऱ्यांना, म्हणजे मामांना, मेंढीकोटाशिवाय जेवण पचत नाही. खेळ सोपा. चौघं बसतात, समोरासमोरचे जोडीदार. प्रत्येक रंगाची दश्शी म्हणजे एक मेंढी, आणि ज्यांनी जास्त मेंढ्या पकडल्या ते जिंकले. मामांचे जोडीदार शेजारचे आप्पा. त्यामुळे बारा वर्षं मी सतरंजीच्या कडेला बसून होतो. "तुमी बघा पाव्हणं," एवढंच मामा म्हणायचे. मी बघायचो. मामांच्या समोरची ती जागा बघायचो.

अशात धाकट्या मेहुणीचं लग्न झालं आणि विलासराव आले. उमापूरला त्यांचं खता-बियाण्याचं दुकान. माणूस वाईट नाही, हेच तर वाईट! त्यांचे हात खडखडीत कोरडे. पत्ते पिसले की फुर्रर्र आवाज यायचा आणि मामा डोळे मिटून ऐकायचे. मी बारा वर्षांत मामांना माझ्यासाठी एकदाच डोळे मिटताना पाहिलं होतं, तेव्हा मी त्यांना माझ्या बढतीबद्दल सांगत होतो आणि ते झोपले होते. मला विलासरावांचा हेवा वाटायचा. लपवायचं कशाला? लई वाटायचा.

त्या वर्षी ऐन उन्हाळ्यात धोंड्याचा महिना आला. मामांनी दोन्ही जावयांना एकाच दिवशी बोलावलं. पाट मांडले, ओवाळलं, दोघांनाही सारखेच पांढरेशुभ्र सदरे-पायजमे दिले. (मी आत जाऊन दोन्हींचं कापड चिमटीत धरून पाहिलं. सारखंच होतं. पण विलासरावांना ते शोभत होतं.) पुरणाचे धोंडे वाढताना मामींनी त्यांच्या पानात तुपाची धार जरा जास्तच वेळ धरली, असं मला अजूनही वाटतं.

जेवणं झाली. सतरंजी अंथरली. मामांनी घसा खाकरला.

"आप्पा गेला लेकाकडं पुण्याला. आता कायमचाच. मला जोडीदार पायजे. दोघं बी एक-एक डाव माझ्यासंगं खेळा. जो बरा खेळंल, त्यो माझा जोडीदार."

बारा वर्षांची जागा रिकामी झाली होती!

पहिला डाव विलासराव मामांसोबत खेळले. मी विरुद्ध बाजूला, शेजारच्या तात्यांचा जोडीदार. विलासरावांनी तीन मेंढ्या अशा अलगद उचलल्या की तात्या विरोधात असून "वा!" म्हणाले. आता माझी पाळी. आणि नेमकी तेव्हाच लाईट गेली. पंखा थांबला. माझ्या तळहातांचा पाझर तलाव झाला.

"आलोच," म्हणत मी स्वयंपाकघराकडे पळालो. दारातच बायको भेटली.

"हाताला जरा पीठ लावा की," ती म्हणाली. "फळीवर डबा हाय बघा तांदळाच्या पिठाचा."

आत अंधार. फळीवर हात फिरवला तर डबे दोन! बायको अंगणात निघून गेलेली. मामी माठापाशी होत्या, पण शेजारी विलासराव पाणी पीत उभे. त्यांच्यासमोर मी विचारणार, 'मामी, माझ्या हातांना घाम येतो, पीठ कुठलं?' प्राण गेला तरी नाही! मी एक डबा उघडला, पांढरं मऊ काहीतरी दोन्ही तळहातांना सढळ हातानं चोळलं आणि ताठ मानेनं बाहेर आलो.

मामींनी जावयांसाठी अनारसे केले होते. त्यांची उरलेली पिठीसाखर त्या डब्यात होती.

साखरेला घाम मिळाला की काय होतं, हे शाळेत शिकवत नाहीत. पहिल्या दोन पानांपर्यंत बरं वाटलं. तिसऱ्या पानापर्यंत पाक एकतारी झाला. पाचव्याला मी पान टाकलं, ते पडेना. मी हात झटकला, पान हातालाच!

"टाका की पाव्हणं," मामा म्हणाले.

"टाकतोय की मामा, सुटना झालंय."

"कावून?"

"विचार करतोय," मी म्हणालो.

मग मी गुपचूप मागे हात नेऊन पायजम्याच्या मागच्या बाजूला खसाखसा पुसले. नवाकोरा धोंड्याचा पायजमा! हात थोडे सुटले, पण आता माश्या आल्या. मी मान हलवून हाकलत होतो. तात्यांना वाटलं मी मामांना खुणा करतोय.

"खुणा न्हाई चालायच्या बरं!" तात्या ओरडले.

"खुणा न्हाईत, माश्या हायेत!"

"माश्या तुमच्याकडंच कावून बरं?"

कसाबसा डाव शेवटाला आला. दोन मेंढ्या त्यांच्याकडे, एक आमच्याकडे. उरली बदामाची दश्शी. शेवटच्या हाताला मला एक पान कमी पडलं (पानं वाटली होती विलासरावांनी), आणि दश्शी निघालीच नाही! मोजली तर पानं एक्कावन्न.

आणि माझ्या डोक्यात वीज चमकली. कोरडे हात! सफाई! फुर्रर्र! मी ताडकन उभा राहिलो.

"मामा, मी आजवर बोललो न्हाई," मी म्हणालो. "पण असं पान गायब करायला हात लई कोरडे लागतेत!"

विलासराव गोरेमोरे झाले. "दाजी, मी कशाला लपवू?" त्यांनी बिचाऱ्यांनी खिसे उलटे केले, सदरा झटकला, सतरंजीचा कोपरा उचलून पाहिला. मी त्यांच्याभोवती एक चक्कर मारली. मग मामांपुढे गेलो, मग तात्यांपुढे, मग साक्षीला देवघराच्या दारात जाऊन उभा राहिलो आणि हात जोडून म्हणालो, "ज्यानं पान लपवलंय, त्याचं त्यो बघून घेईल!"

मागे खसखस पिकली. मामी पदर तोंडाला लावून आत पळाल्या. तात्या सतरंजीवर आडवे झाले.

"आवो," अंगणातून आलेली बायको अगदी हळू आवाजात म्हणाली, "जरा मागं हात लावून बघा."

मी लावला. पायजम्याच्या मागे, बरोबर मधोमध, बदामाची दश्शी चिकटली होती. दुसऱ्या पानामागे चिकटलेली ती मला दिसलीच नव्हती; माझ्या चिकट हातातून कधीतरी निसटली होती आणि मी तिच्यावर बसलो होतो.

विलासरावांनीच ती ओढून काढायला मदत केली. (इतकी मेहनत घेऊन माणसाचा हेवा करावा, आणि त्यानं असं वागावं!) मामांनी ओला रुमाल मागवला आणि एकेक पान पुसत म्हणाले, "इलासराव, तुमी बसत जा माझ्यासमोर."

पण मी हरणारा माणूस नव्हतो. मला माझा खरा शत्रू कळला होता: घाम. मी बीडहून प्लास्टिकचे धुता येणारे पत्ते घेतले आणि थंडीची वाट पाहिली. पौषात मामांनी शेतात हुरड्याला बोलावलं. गारठा असा की माझे हात विलासरावांच्याही वर कोरडे! मी पत्ते पिसले. फुर्रर्र! मामांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. विलासराव स्वतःच उठले आणि म्हणाले, "दाजी, आज तुमी बसा." तेरा वर्षांनी मी त्या जागेवर कोरड्या हातांनी बसलो. डोळे भरून आले हो.

विलासरावांनी बदामाचा एक्का टाकला. माझ्याकडे बदामाची दोन पानं होती, चौकी आणि दश्शी. मी ऐटीत पान सोडलं. काय अलगद पडलं ते! कुठे चिकटणं नाही, अडकणं नाही. फक्त ती दश्शी होती. मामांच्या तोंडातला हुरडा तोंडातच राहिला.

पुढच्या डावात मी आणखी एक मेंढी घालवली, तीही तितक्याच सफाईनं. तेव्हा मला हळूहळू कळायला लागलं की तेरा वर्षं मी उगाच घामाला बोल लावत होतो. मला मेंढीकोट येतच नव्हता.

मामांनी पत्ते खाली ठेवले, माझा कोरडा हात हातात घेतला आणि मोठ्या मायेनं म्हणाले, "पाव्हणं, तुमचा घामच बरा व्हता. दश्शी हातातनं सुटत तरी न्हवती!"