टोमॅटोची बदली

बस डेपोत एकतीस वर्षं गाड्यांची वेळापत्रकं लावलेला माणूस निवृत्त झाला आणि आता घरात याचं करायचं काय, असा प्रश्न बायकोपुढे पडला. त्याला बसवतच नसे. पेपर वाचता वाचता उठायचा, नळ नीट बंद आहे का बघायचा, परत यायचा. शेवटी तिनेच त्याला परसातल्या भाजीच्या वाफ्यांकडे ढकललं.

वाफे तीन, आणि आजवर तिचेच. दोन वर्षं तिची टोमॅटोची रोपं फळ धरायच्या सुमारास हिरवीच्या हिरवी माना टाकत होती. रोपवाटिकेतल्या बाई म्हणाल्या, रोग मातीत आहे. तीन-चार वर्षं तिथे टोमॅटो नको; वांगी, मिरची, बटाटाही नको, ती सगळी एकाच घराण्यातली. शेंगा लावा, मग पालेभाजी, मग मुळा-गाजर.

त्याला कामच मिळालं. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर त्याने चार वर्षांचा तक्ता आखला. खोडला. पुन्हा आखला. पण आधी कुठे काय होतं, ते कुणी लिहून ठेवलं नव्हतं. जेवताना हातातला घास तसाच धरून त्याने तिला विचारलं. तिला सगळं आठवत होतं, फक्त तिच्या पद्धतीने. धाकटीचा हात मोडला त्या साली भिंतीकडे वांगी. जावयांना कावीळ झाली तेव्हा मधल्या वाफ्यात मिरच्या, आणि त्या अजून तिथेच. भिंतीकडची वांगीही गेल्या वर्षीपर्यंत होतीच. तिसऱ्यात तर टोमॅटोच. म्हणजे तिन्ही वाफे बाद.

दोन दिवस त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. टेप घेऊन अंगण मोजत राहिला. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "तुमच्या फरशा काढा."

निवृत्तीनंतर निवांत चहा प्यायला म्हणून उन्हाच्या कोपऱ्यात त्याने फरशा बसवून खुर्ची मांडली होती.

"मग मी बसू कुठे?"

"तुम्ही बसता कधी? दोन घोट झाले की उठता."

संध्याकाळी पहार घेऊन त्याने फरशा उचकटल्या. खालची माती विटेसारखी घट्ट. ती फोडून खत मिसळण्यात आठवडा गेला, कंबर धरली ती वेगळीच. बारा रोपं लावली. रोज सकाळी दात घासायच्या आधी तो पानं बघून यायचा. एक रोप गेलंच. ते मुळासकट उपटून कचऱ्यात टाकलं. बाकीची अकरा तगली, फळाला आली. टोमॅटोच्या जुन्या वाफ्यावर घेवड्याचा वेल चढला.

पहिली टोपली भरली त्या दिवशी तो शेजाऱ्यांच्या गच्चीवरचे रिकामी पिंपं बघून आला. पुढच्या वर्षी टोमॅटो तिकडे नेता येतील का, याचा हिशेब दारात उभ्या उभ्याच सांगू लागला. ती नळाखाली टोमॅटो धूत राहिली.