डग्गा कुठं गेला?

दोन हजार पाचच्या सुमाराला मला वळ गावातल्या एका गोदामात नोकरी लागली आणि घरात कॉम्प्युटर आला. बाबांचा जुना अॅम्प्लिफायर आणि दोन मोठे लाकडी स्पीकर आमच्याकडे होतेच. कॉम्प्युटरची वायर अॅम्प्लिफायरला जोडायची आणि शेकडो गाणी घरबसल्या ऐकायची, असं माझं साधं गणित होतं.

पहिल्याच दिवशी गाण्याआधी 'घूंऽऽ' ऐकू आलं. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, मिक्सर बंद कर. एका मित्राने सांगितल्यावर दोन्ही यंत्रं एकाच बोर्डावर लावली, तेव्हा ती घूं गेली. मग कळलं की कॉपी करून आणलेल्या गाण्यांच्या फायली फार दाबून लहान केलेल्या होत्या. मी ओळखीच्यांकडून मूळ सीड्या मागून आणल्या आणि सगळी गाणी पुन्हा, न दाबता, भरली. तरी समाधान होईना. शेवटी मुंबईहून एक छोटी डबी आणली. ती कॉम्प्युटरला बाहेरून जोडायची, म्हणजे आवाज आतल्या स्वस्त कार्डातून न येता तिच्यातून येतो. आवाज खरोखर स्वच्छ झाला. गाणारी श्वास घेते तोही ऐकू येऊ लागला.

बाबा मात्र दोन मिनिटं ऐकून उठून जायचे. ते कापड विणायच्या लूम दुरुस्त करणारे जॉबर. तीस वर्षं त्या खडखडाटात काढलेली, घरात टीव्हीसुद्धा मोठ्याने लावायचे. मी बहिणीला हळूच म्हटलं, "त्यांना काय फरक कळणार? कान लूमने खाल्लेत त्यांचे."

त्या रविवारी जेवण झाल्यावर बाबा स्वतःच खुर्ची ओढून दोन स्पीकरच्या मधोमध बसले. गाणं संपेपर्यंत हलले नाहीत. मग म्हणाले, "तबला वाजतोय. डग्गा कुठं हाय?"

मी म्हटलं, आहे की. पण ऐकू लागलो, तर डग्गा खरंच कुठे नव्हता. नुसतं टकटक.

त्यांनी मला एका स्पीकरची वायर काढायला लावली. डग्गा आला, घुमत. वायर पुन्हा जोडली, गेला. दोन्ही स्पीकर वाजले की नाहीसा व्हायचा. बाबा गुडघ्यांवर बसून मागे गेले आणि चष्मा कपाळावर चढवून वायरी बघू लागले. घराला रंग दिला तेव्हा स्पीकर मीच हलवले होते आणि जोडताना एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटी केली होती. एक पुढे ढकलत होता, दुसरा तेव्हाच मागे ओढत होता. त्यात डग्गा मरत होता.

त्यांनी पिना सोडवून सुलट्या जोडल्या. गाणं सुरू झालं आणि फडताळातल्या स्टीलच्या वाट्या किणकिणल्या. आई हात पुसत बाहेर आली आणि उंबऱ्यातच बसून राहिली.

बाबा म्हणाले, "बारीक आवाज आता ऐकाया येत न्हाय मला. पण जाडा येतो. लूम बिघडली तर आधी तिचा जाडा आवाज बदलतो. आणि पोरा, तू हळू बोललास तेपण ऐकलं मी."

बहीण तोंडावर ओढणी धरून हसत सुटली. मला जमिनीत शिरावंसं वाटलं, पण बाबाही हसत होते, तेव्हा मीही हसलो. दुपारभर त्यांनी मला उठबस करायला लावली. स्पीकर भिंतीपासून वीतभर पुढे घे, खाली विटा दे, आता थोडे आत वळव. प्रत्येक वेळी तेच गाणं. आईला ते पाठ झालं.

आठवड्याभरात वस्तीत बातमी पसरली. बुद्धविहारातल्या स्पीकरवर वंदनेचे शब्द कळत नाहीत, जरा येऊन बघता का, असं विचारायला दोघं जण आले. बाबांनी लगेच धुतलेला सदरा चढवला. मी वायरचं भेंडोळं खांद्यावर घेऊन त्यांच्या मागून चालत होतो आणि ते पुढे जाता जाता त्या दोघांना डग्ग्याची सगळी हकिगत सांगत होते. वायर कुणी उलटी जोडली, हेसुद्धा.